कानाला कमी येणाऱ्या घरच्या माणसाला डिजिटल रेडिओ कसा लावून द्यायचा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं की सगळ्यात आधी रेडिओचा कान पिळला जातो. आवाज एवढा मोठा की शेजारच्याला पण बातम्या फुकटात. आणि एवढं करून वर तक्रार असतेच, "ऐकू येतंय रे, पण काय बोलतोय ते कळंना." हे वाक्य चेष्टेवारी नेऊ नका, सगळी मेख त्यातच आहे.

वयानं कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, उंच पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. बोलण्यातले स्वर म्हणजे अ, आ, ओ हे जाड असतात, ते बऱ्यापैकी येत राहतात. पण स, श, च, फ, त, थ हे सगळे बारीक, आणि शब्द ओळखू येतो तो यांच्यावर. त्यामुळं सात, पाच, हात, भात सगळ्यांचा नुसता 'आ' ऐकू येतो आणि बाकीचं माणूस अंदाजानं भरतं. पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात पंचगंगेची पातळी सांगतात तेव्हा बघा, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. एकोणचाळीस आणि त्रेचाळीस, दोन्हीची शेपटी 'चाळीस'. पुढचा तुकडा निसटला की सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं हेच कळत नाही.

उद्यमनगरात, शिरोलीत फौंड्रीत आयुष्य काढलेल्यांचं तर अजून वेगळं असतंय. सततच्या दणक्यानं जे कान जातात ते साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजाच्याच पट्ट्यात आधी जातात, ऑडिओग्राम म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख काढला की ४००० जवळ खड्डा पडलेला दिसतो. आमचे अण्णा त्यातलेच, आयुष्य मोल्डिंगच्या खात्यात गेलं. समोर बसून बोललेलं त्यांना कळतं पण रेडिओवरचं नाही, कारण रेडिओवर बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, आणि रेडिओपुढं तो आधारच जातो. म्हणून आहे तो आवाज तरी चोख पाहिजे.

आता आपल्या एफएमचं बघू. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर शहरात चांगलंच लागतं, पण गगनबावडा, राधानगरी बाजूला डोंगराआड गेलात किंवा अपार्टमेंटच्या आतल्या खोलीत सेट ठेवलात की मागं 'स्स्स' चालू होतं. ही खरखर बारीक पट्टीतलीच असते, म्हणजे जिथं बोलण्यातले स, श, त बसलेले असतात बरोबर तिथंच. चांगल्या कानाचा माणूस ती बाजूला सारून ऐकतो, कान अधू झालेल्याला ते जमत नाही. आवाज वाढवला की खरखर पण तेवढीच वाढते. त्यात अजून एक भानगड अशी की अशा कानांना हळू आवाज अजिबात येत नाही पण जरा मोठा झाला की एकदम कानठळ्या बसतात, मधली जागाच कमी उरलेली असते. "ओरडतोस कशाला" आणि "काय म्हणालास" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात येतात ती त्यामुळं, उगीच खेकसतात असं नाही.

डिजिटल रेडिओचा फायदा इथं आहे. आवाज आकड्यांच्या रूपात येतो, वाटेत थोडं बिघडलं तर सेट किंवा फोन ते दुरुस्त करून घेतो, त्यामुळं मागं खरखर नसते. सिग्नल फारच कमी झाला तर आवाज तुटतो किंवा थेट बंद होतो, पण जोवर येतोय तोवर स्वच्छ. पण डिजिटल म्हटलं की सगळं छानच असं पण समजू नका. फार कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा वापरून दाबून पाठवलेला आवाज चेपल्यासारखा येतो आणि त्यात पण आधी 'स'चीच वाट लागते. आणि कान जेवढे गेलेत तेवढे गेलेतच, ते काय रेडिओ परत आणून देणार नाही.

आपल्याकडं डिजिटल रेडिओ म्हणजे नक्की काय काय मिळतं

इंग्लंडमध्ये बीबीसीनं १९९५ सालीच डॅब नावाचा डिजिटल रेडिओ सुरू केला, नॉर्वेनं तर २०१७ मध्ये राष्ट्रीय चॅनेलचं एफएम बंदच करून टाकलं. आपल्याकडं आकाशवाणीनं डीआरएम नावाची पद्धत घेतली आणि मीडियम वेव्हचे ३५ ट्रान्समीटर त्यावर आणले. त्याचा सेट वेगळा लागतो, साध्या ट्रान्झिस्टरवर ते लागत नाही. काही नव्या गाड्यांत मात्र कंपनीकडूनच बसवून येतो, बऱ्याच जणांना आपल्या गाडीत आहे हे माहितीच नसतंय.

घरात बसून ऐकायचं तर कोल्हापुरात आज कामाचे रस्ते दोनच, फोनवरचं अॅप आणि टीव्हीची डिश. फोनवर प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर अॅप आहे, त्यात देशभरातली दोनशेच्या वर आकाशवाणी चॅनेल आहेत, महाराष्ट्रात जाऊन कोल्हापूर शोधायचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी वेव्हज नावाचं अजून एक अॅप काढलं, त्यात टीव्ही आणि रेडिओ दोन्ही आहे. पण म्हाताऱ्या माणसाला त्यात एवढी गर्दी दिसते की रेडिओ सापडेपर्यंत बातम्या संपतात, म्हणून मी पहिलंच लावून देतो. टीव्हीला डीडी फ्री डिश असेल तर त्यात पण आकाशवाणीची बरीच चॅनेल येतात, महिन्याचे पैसे नाहीत आणि नेट पण लागत नाही. ज्यांना फोन हातात नकोच असतो त्यांच्यासाठी हे भारी आहे, रिमोटचा एक नंबर पाठ करून द्यायचा बास.

डेटाची काळजी करणारे लई असतात म्हणून हिशोब सांगून टाकतो. ६४ केबीपीएस बिटरेटचा आवाज तासभर ऐकला तर जेमतेम २९ एमबी जातात, १२८ चा असला तर ५८ च्या आसपास. नातू अर्धा तास रील्स बघतो त्यापुढं हे काहीच नाही. त्यामुळं अॅपमध्ये क्वालिटी निवडायची सोय असेल तर वरचीच निवडा, कंजूषी इथं नको.

फोनमध्ये आधी एवढं करून घ्या

पहिलं म्हणजे मोनो ऑडिओ चालू करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी आणि तिथं ऐकण्यासंबंधीच्या भागात सापडेल, आयफोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीतच ऑडिओ आणि व्हिज्युअलमध्ये आहे. स्टिरिओमध्ये थोडा आवाज डाव्या कानात जास्त, थोडा उजव्यात असं वाटून दिलेलं असतं, आणि एक कान जास्त गेलेला असला की त्या बाजूचा माल गायब. मोनो केलं की सगळं दोन्हीकडं सारखं. तिथंच डावा-उजवा बॅलन्सची पट्टी पण असते, ती ऐकणाऱ्याला समोर बसवून त्यांच्या कलानं सरकवा, तुमच्या कानानं नको. साध्या एफएम सेटवर पण स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनोवर टाका, खरखर तिथल्या तिथं कमी होते.

मग इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. इथं बहुतेक लोक उलटं करतात, बेस वाढवून ठेवतात कारण आवाज भरल्यासारखा वाटतो. बोलणं समजायचं असेल तर २५० हर्ट्झच्या खालचं कमी करा आणि २००० ते ४००० च्या मधलं हळूहळू वर न्या. पहिल्यांदा ते म्हणतील की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यागत येतोय, तसा तो येतोच. दोन-चार दिवस बातम्या तशाच ऐकू द्यात, गाण्यांना पाहिजे तर वेगळं सेटिंग ठेवा. मात्र कानाला मशीन लावून ऐकत असतील तर इक्वलायझरला हात लावू नका, ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञानं, मशीनमध्ये हेच काम त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणं आधीच केलेलं असतं, दोन्हीकडून चढवलं की आवाज टोचतो.

होम स्क्रीनवर रेडिओच्या अॅपचं चिन्ह एकटंच ठेवा, बाकी सगळं दुसऱ्या पानावर ढकला. आणि घरात एफएम सेट आणि अॅप एकदम चालू ठेवू नका. नेटवरचा आवाज काही सेकंद मागं असतोच, दोन्ही मिळून असा घुमारा होतो की चांगल्या कानाच्या माणसाला पण काही समजणार नाही. बातम्यांच्या आधीचे टोले ऐकून घड्याळ लावायची सवय असेल तर ती मात्र एफएमवरच भागवा.

आवाज कानापर्यंत न्यायचा कसा

खोलीच्या कोपऱ्यातून आवाज मोठा करून काही साधत नाही. फरशीवर, भिंतीवर, पत्र्यावर आपटून तो घुमून येतो, वर फॅन, मिक्सर, दारातून जाणारी केएमटीची बस. स्पीकर जवळ आणा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, एक पैसा खर्च न करता. उशाशी, खुर्चीच्या हाताजवळ, अगदी एक हातावर ठेवला की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो आणि घरातली भांडणं पण. तरी कळत नसेल तर मग थेट कानात न्यायचा.

मशीन नसेल तर कान पूर्ण झाकणारा, उशीवाला हेडफोन घ्या, कानात खुपसायचा नको. आणि आवाज बेतानं. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही हद्द सांगते, हेडफोन लावून रात्रभर रेडिओ चालू ठेवून झोपणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा, राहिलेलं पण जाईल.

कानामागचं मशीन असेल तर त्याचा माइक कानाच्या वर असतो, म्हणून हेडफोनची उशी माइक पण झाकेल एवढी मोठी पाहिजे. शिट्टी वाजायला लागली तर हेडफोन जरा वर-मागं सरकवून बघा.

ब्लूटूथवाली मशीन आता बरीच लोक घेतात, त्यात फोनचा रेडिओ थेट मशीनमध्ये येतो, मधे हवा नाही, फॅन नाही, काही नाही. पण इथं जोडी जमावी लागते. आयफोनसाठी बनवलेली मशीन वेगळी, अँड्रॉइडमध्ये आशा नावाची सोय अँड्रॉइड १० पासून आली पण ती प्रत्येक फोनमध्ये असतेच असं नाही, आणि आता एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत येत चाललीय. दुकानात जाताना घरचाच फोन बरोबर न्या आणि तिथंच जोडून, रेडिओ लावून, ऐकून बघा. माझ्या ओळखीतल्या एकांना विक्रेत्यानं "ब्लूटूथ आहे की" एवढंच सांगून महाग मशीन गळ्यात मारलं, घरी आल्यावर कळलं की ब्लूटूथ फक्त सेटिंग बदलायला आहे, आवाज येतच नाही. तेव्हा विचारताना "फोनवरचा रेडिओ मशीनमध्ये ऐकू येईल का" असंच विचारा, ब्लूटूथ आहे का असं नको.

माझं स्वतःचं मत विचाराल तर टेलिकॉइल आणि नेकलूप हे जुनं जोडपंच म्हाताऱ्या माणसांना जास्त झेपतं. टेलिकॉइल म्हणजे मशीनच्या आत एक बारीक तारेचं वेटोळं असतं, ते चुंबकीय लहरी पकडतं. नेकलूप गळ्यात माळेसारखा घालायचा, त्याची पिन फोनला किंवा रेडिओच्या हेडफोनच्या भोकात, आणि मशीन टी प्रोग्रॅमवर टाकायचं की रेडिओ सोडून बाकी सगळं शांत. काही नेकलूपला चार्जिंग लागतं, काहींना नाही. नव्या फोनला पिनचं भोक नसतं, त्याला छोटा कन्व्हर्टर मिळतो. अडचण एवढीच की बऱ्याच मशीनमध्ये टेलिकॉइल असून पण तो प्रोग्रॅम चालूच केलेला नसतो, ऑडिओलॉजिस्टकडून तो चालू करून घ्यावा लागतो, आणि कानात जाणाऱ्या अगदी बारक्या मशीनमध्ये ते वेटोळं बसतच नाही. शेजारी इन्व्हर्टर किंवा जुना चोकवाला ट्यूबलाइट असेल तर 'घूंऽऽ' असा आवाज येतो, बिघडलंय म्हणून परत नेऊ नका, खुर्ची हलवून बघा. आणि टी वर असताना माइक बहुधा बंद असतो, म्हणजे घरातल्यांची हाक पण येत नाही. दारात दूधवाला ओरडत बसला तरी पत्ता नाही, तेवढं घरच्यांनी सांभाळायचं. हाक पण यायला पाहिजे असेल तर टी आणि माइक दोन्ही चालू राहील असा प्रोग्रॅम करून मागा.

वाचत वाचत ऐकायचं

कान फारच गेलेत त्यांच्यासाठी हा भाग जास्त कामाचा. गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं फुकट अॅप २०१९ पासून आहे, त्यात मराठी निवडता येतं. एका फोनवर किंवा सेटवर रेडिओ लावायचा, दुसरा फोन स्पीकरला चिकटवून ठेवायचा, बोललेलं अक्षरात येत जातं. अक्षरं मोठी करता येतात. बातम्या बऱ्यापैकी नीट येतात कारण वाचणारा सावकाश, स्वच्छ बोलतो. आरजे लोकांचं "काय भावांनो, विषय हार्ड" वगैरे सुरू झालं, त्यात मागं गाणं असलं की मग अॅप काय वाट्टेल ते लिहितं, आमच्याकडं त्याचीच जास्त करमणूक होते. गावांची नावं आणि आकडे यांच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पुराच्या दिवसात तर नाहीच.

दुसरी युक्ती अशी की आकाशवाणीच्या बातम्यांच्या साइटवर प्रादेशिक बातमीपत्रांचा ऑडिओ पण असतो आणि मजकूर पण. मजकूर समोर मोठ्या अक्षरात उघडायचा आणि तेच बातमीपत्र कानाला लावायचं. शब्द डोळ्यासमोर असला की कानाला अर्धवट आलेलं पण पूर्ण ऐकू आल्यासारखं वाटतं, हे करून बघा, फरक लगेच दिसतो. परत ऐकायची सोय ही तर डिजिटलची सगळ्यात मोठी मेहरबानी, एफएमवर गेलं ते गेलं. यूट्यूबवर किंवा पॉडकास्टमध्ये वेग ०.७५ वर ठेवला की भरभर बोलणारा माणूस पण आवाक्यात येतो.

रेडिओबरोबरच अक्षरं पाठवायची कल्पना काय नवीन नाही. अमेरिकेत २००८ मध्ये एनपीआर या रेडिओ संस्थेनं निवडणुकीच्या रात्री डिजिटल रेडिओवर बोलणं अक्षरात दाखवून बघितलं होतं. डीआरएममध्ये पण जर्नलाइन नावाची सोय आहे, सेटला पडदा असेल तर बातम्यांचा मजकूर त्यावर वाचता येतो, आणि आणीबाणीचा इशारा आला की सेट स्वतःहून तिकडं वळू शकतो. फक्त स्टेशननं ते पाठवायला पाहिजे आणि सेटमध्ये ते असायला पाहिजे.

आता पुराचं. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, लाइट गेली की थोड्या वेळात मोबाईलचे टॉवर पण गार पडतात आणि मग अॅप बिप सगळं कुचकामी. म्हणून सेलवर चालणारा एफएम सेट घरात पाहिजेच, हेडफोनचं भोक असलेलाच घ्या म्हणजे नेकलूप किंवा हेडफोन त्याला पण लागेल. सेल आत घालून ठेवू नका, पाझरून पट्ट्या गंजतात, वेगळ्या पिशवीत ठेवा. मशीनचे बटण सेल पण त्याच पिशवीत, रंग बघून, ३१२ नंबरला तपकिरी स्टिकर असतो आणि १३ ला केशरी. स्टिकर आधीच काढून ठेवला तर हवा लागून ते वापरायच्या आधीच उतरतात.

आधी कान तपासा

हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम पण सांगितलं की लोक वाचायचं सोडतात. नुसता मळ साचून पण कमी ऐकू येतं, आणि तो घरात पिना घालून काढायचा नसतो. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथं दाखवा, ऑडिओग्राम काढून घ्या आणि कागद जपून ठेवा, मशीनला, सरकारी सवलतीला, सगळ्याला तोच लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानाचं मशीन मिळू शकतं, त्याची पण तिथं चौकशी करा. आणि एक कान सकाळी उठल्यावर एकदम बंद झालेला असेल तर "बघू चार दिवसांनी" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उपचाराला उशीर झाला तर तो कान परत येण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते.

शेवटी एक प्रश्न उरतो तो म्हणजे डीआरएमचा सेट विकत घ्यायचा का. मी तर सध्या नको म्हणीन. ट्राय या सरकारी नियामक संस्थेनं २०२५ मध्ये खासगी स्टेशनच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या, पण सुरुवात १३ मोठ्या शहरांतून करा असं त्यात म्हटलंय, महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर त्यात आहेत, कोल्हापूर नाही. शिवाय हे सेट अजून महागच आहेत. गाडीत असेल तर मात्र एकदा मीडियम वेव्हवर फिरवून बघा, काही लागलं तर फायदाच. आणि हौसेनं घेणारच असाल तर दुकानदाराला म्हणा घरी आणून लाव, आमच्या बसायच्या खोलीत, संध्याकाळच्या वेळी, लाइट-फॅन चालू असताना. तिथं लागला आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना बोललेलं कळलं, मगच पैसे द्या.